शेजारच्या अण्णांची डोकेदुखी आणि तुमचा राउटर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. शेजारचे अण्णा ६८ वर्षांचे, निवृत्त. त्यांची झोपायची खोली आणि तुमचा हॉल यांच्यामध्ये एकच भिंत. सहा महिन्यांपूर्वी तुम्ही त्या भिंतीवर वायफायचा राउटर बसवला आणि तेव्हापासून अण्णांचं डोकं दुखतं, झोप लागत नाही, कानात गुणगुण होते, हाताला झिणझिण्या येतात. रंकाळ्यावर फिरायला गेले की बरं वाटतं. पुतण्याने त्यांना ‘इलेक्ट्रोसेन्सिटिव्हिटी’ (वायफाय-मोबाईलच्या लहरींनी शरीराला त्रास होणं) हा शब्द सांगितला आणि आता रात्री नऊ ते सकाळी सहा राउटर बंद ठेवा असं पत्र सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलंय. वहिनींचं काम रात्रपाळीचं आणि घरून. तुम्ही विचारताय की असं खरंच असतं का, आणि अण्णा खोटं बोलताहेत हे सिद्ध कसं करायचं.

दुसरा प्रश्न सोडून द्या. माणूस खोटं न बोलताही चुकीचं कारण सांगू शकतो. तुमच्यापुढे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकात एक गुंतलेत. अण्णांना त्रास होतो का? बहुतेक होतो. तो राउटरच्या लहरींनी होतो का? आजवरच्या पुराव्यानुसार नाही. मग कशाने होतो? याचं उत्तर तुमच्या पत्रात शेवटी जाता जाता आलेल्या ओळीत असू शकतं: ‘त्याच भिंतीला खाली इन्व्हर्टरपण आहे, तोही राउटरबरोबरच घेतला.’ भांडण राउटरवर चाललंय आणि इन्व्हर्टरचं कुणी नावही काढत नाही!

आधी लहरींचा हिशोब संपवू. घरगुती राउटर २.४ गिगाहर्ट्झवर साधारण १०० मिलिवॅटपर्यंत ताकद बाहेर टाकतो. ती चहूकडे पसरते, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाई होते. भिंत नाहीच असं धरलं, तरी तीन मीटरवरच्या उशीपाशी ती चौरस मीटरला एक मिलिवॅटहून थोडी कमीच भरते. या लहरींसाठी सामान्य जनतेची आंतरराष्ट्रीय मर्यादा चौरस मीटरला १० वॅट. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाईल टॉवरसाठी तिचा दशांश, म्हणजे १ वॅट धरला. त्या कडक आकड्याच्याही हजारपट खाली आपण आहोत, आणि अजून भिंत मोजलेली नाही. शिवाय कुणी काही पाहत-ऐकत नसेल तेव्हा राउटर सतत बोलत नाही. ‘मी आहे’ एवढं सांगायला सेकंदाला साधारण दहा वेळा क्षणभर तोंड उघडतो आणि गप्प बसतो.

याउलट अण्णांचा स्वतःचा फोरजी मोबाईल नेटवर्क कमजोर असलं की २०० मिलिवॅटपर्यंत जातो, आणि तो कानाला चिकटलेला असतो. त्यांच्याच मोबाईलवर वायफायची यादी उघडलीत तर राजारामपुरीसारख्या दाट वस्तीत दहा-पंधरा नावं दिसतील. तुमचं एक कमी झालं तर चौदा उरतात. हा मुद्दा बिनतोड आहे, पण पहिल्या भेटीत काढू नका. ‘मग मोबाईल का वापरता’ म्हटलं की समोरचा हरतो, पटत मात्र नाही.

आता संशोधनाचं. असा त्रास सांगणाऱ्या लोकांवर बरेच प्रयोग झालेत. यंत्र चालू आहे की बंद, हे ना त्या माणसाला माहीत, ना नोंद घेणाऱ्याला. २०१० साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी अशा ४६ प्रयोगांचा आढावा घेतला. त्यांत मिळून १,१७५ माणसं होती. लहरी चालू आहेत हे त्यांना अंदाजापलीकडे ओळखता येतं, असा भक्कम पुरावा निघाला नाही. पण लहरी चालू आहेत असं वाटलं की डोकं खरोखर दुखायचं, यंत्र बंद असलं तरी. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००५ मध्ये हेच मांडलं: लक्षणं खरी आहेत, कधी माणसाला हैराण करणारी आहेत, पण त्यांचा लहरींशी संबंध जोडायला शास्त्रीय आधार नाही.

हे समजायला आपल्याकडचं उदाहरण पुरेसं आहे. तांबडा रस्सा पोटभर ओरपून झाल्यावर कुणी सांगितलं की भांड्यात पाल पडली होती, तर पोटात ढवळतं. उलटीही होते. नंतर कळलं की पाल नव्हतीच, कुणी चेष्टा केली. उलटी खोटी होती का? अपेक्षेनेच शरीर बिघडण्याच्या या प्रकाराला डॉक्टर ‘नोसिबो’ म्हणतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना वायफायच्या धोक्याचा टीव्ही कार्यक्रम दाखवला आणि मग खोटं वायफाय ‘चालू’ केलं. आधीच काळजीत असणाऱ्यांना तो कार्यक्रम पाहिल्यावर त्रास जास्त जाणवला. म्हणून पुतण्या रोज नवा व्हिडिओ पाठवत असेल, तर अण्णांच्या डोकेदुखीत त्या व्हिडिओचा वाटा राउटरपेक्षा मोठा आहे.

पुतण्या आणखी दोन गोष्टी पुढे करील. एक, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २-ब गटात टाकलंय. बरोबर आहे, पण तो गट कर्करोगाच्या शक्यतेबद्दल आहे, डोकेदुखीबद्दल नाही. त्याच गटात पूर्व आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत (आपलं कैरीचं लोणचं नव्हे, निर्धास्त खा). दोन, स्वीडनमध्ये हे मान्य आहे. तिथे अशा माणसाला अडचण असलेली व्यक्ती म्हणून सोयी मिळू शकतात, पण कारण लहरीच आहेत असा निदानाचा शिक्का तिथेही नाही.

लहरींचं एवढं पुरे. खरी तपासणी भिंतीपासून सुरू होते.

‘बाहेर गेलं की बरं वाटतं’ हा अण्णांचा सगळ्यात जोरदार मुद्दा आहे आणि तो तुम्ही हसण्यावारी नेऊ नका. घराबाहेर गेल्यावर राउटरपासून सुटका होते तशी आवाजापासून, कोंदट हवेपासून आणि विषारी वायूपासूनही होते. त्यातला शेवटचा जीवघेणा, म्हणून तो आधी.

तुमच्याकडे किंवा अण्णांकडे बाथरूममध्ये गॅस गीझर आहे का? हवा कमी पडली की त्यात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. सिलिंडरच्या गॅसचा वास येतो तो न जळलेल्या गॅसचा, याचा नाही. डोकेदुखी, मळमळ, गळून जाणं ही त्याची पहिली लक्षणं. तुमच्या गीझरची हवा सामाईक डक्टमध्ये जात असेल आणि अण्णांच्या बाथरूमची खिडकी त्याच डक्टमध्ये उघडत असेल, तर तुमच्या घरातून त्यांच्या घरात खरंच काहीतरी जातंय, फक्त ते वायफाय नव्हे. अण्णांना विचारा की त्रास कुठल्या वेळी वाढतो. दोन्ही घरच्या अंघोळींच्या वेळेला वाढत असेल तर गीझर त्याच दिवशी बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा. ज्योत निळी हवी. पिवळी किंवा काजळी धरणारी असेल तर बर्नर तुंबलाय. एक्झॉस्ट पंखा लावला की काम झालं असं समजू नका. खालून हवा आत यायला जागा नसेल तर पंखा धूरच उलटा खेचतो. खरा उपाय गीझर बाथरूमबाहेर, मोकळ्या बाल्कनीत हलवणं. तोवर बादली भरायची, गीझर बंद करायचा, दार थोडा वेळ उघडं ठेवायचं आणि मगच अंघोळ. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्तही तो चांगलंच दाखवतो. शंका असेल तर रक्ताची वेगळी तपासणी डॉक्टर सांगतात.

पुढे कानातली गुणगुण. आपली वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर चालणारा ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झवर गुणगुणतो, म्हणजे खर्जातला ‘गूं’. लोडशेडिंग किंवा फ्यूज गेल्यानंतर बॅटरी चार्ज होताना इन्व्हर्टर जास्त वाजतो. तो भिंतीला स्क्रूने आवळलेला असेल तर भिंत त्याची स्पीकर होते. तुमच्या हॉलमध्ये टीव्ही चालू असतो, तुम्हाला काही ऐकू येत नाही. पलीकडे अण्णांचं डोकं भिंतीपासून हातभर, रात्री अकराची शांतता, आणि खर्जाचा आवाज भिंतीतून सहज पार होतो. राउटरच्या अडॅप्टरची बारीक शिट्टीही असते, पण ती उंच पट्टीची. साठी ओलांडलेल्या बहुतेक कानांना ती पट्टी ऐकू येत नाही. म्हणून अण्णांच्या वयाला संशय खर्जावर घ्यायचा.

याची तपासणी सोपी आहे आणि ती उघडपणे करायची. रात्री अकरानंतर अण्णांच्या खोलीत बसा. ते म्हणतील की आता आवाज येतोय. मग तुमच्या घरात कुणीतरी आधी फक्त इन्व्हर्टर बंद करायचा. लक्षात ठेवा, पुढचं बटण दाबून तो सुटत नाही. चार्जिंग चालूच राहतं, म्हणून बटण बंद करून भिंतीतला प्लगही काढायचा. फरक पडला नाही तर तुमचा मेन स्विच, मग अण्णांचा. दोन्ही मेन बंद आणि तरी अण्णांना आवाज येतोय, तर एक शक्यता तळमजल्यावरची पाण्याची मोटर किंवा लिफ्ट. ती चालत नसेल तर दुसरी शक्यता आवाज कानातच आहे. त्याला टिनिटस म्हणतात, या वयात तो नवा नाही आणि शांततेत जास्त जाणवतो. सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा कुठल्याही कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे श्रवणचाचणी करून घ्यायची.

इन्व्हर्टर सापडला तर तो त्या भिंतीवरून काढून स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीकडे न्या. जागा नसेल तर जमिनीवर जाड रबरी पॅड टाकून, भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवा. बॅटरीचं पाणी बघा आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो का तेही बघा. तो ओव्हरचार्जिंगचा वास आहे आणि डोकं त्यानेही चढतं. खोली हवेशीर करून बॅटरी लगेच तपासून घ्या.

झिणझिण्यांचं अर्थिंगशी नातं असू शकतं, म्हणून विचारा: बसल्या बसल्या येतात की नळाला, फ्रिजला, वॉशिंग मशीनला हात लावल्यावर? बसल्या बसल्या येत असतील तर साखर, बी-१२ आणि मान तपासायला डॉक्टरांकडे. धातूला हात लावल्यावर येत असतील तर वायरमनला बोलवा, तेही आजच. जुन्या बिल्डिंगमध्ये दोन फ्लॅटचं अर्थिंग एकच असतं. एकाच्या विजेच्या गीझरची कॉइल फुटली आणि अर्थिंग तुटकं असलं, तर झटका दुसऱ्याच्या नळाला जाणवू शकतो. पावसाळ्यात आपल्याकडे भिंतींना जी ओल चढते तीही वायरिंगमधून करंट झिरपवते. उलट एप्रिल-मे मध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंगच कामाचं राहत नाही. तिथे पाणी घालायचं असतं, सोसायटीत कुणाला ते आठवत नाही.

वायरमनला तीन गोष्टी सांगा. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज लोड चालू असताना मोजायचा. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक, पाचाच्या वर गेला तर शोध घ्यायचा. फेज आणि न्यूट्रल एकत्र धरून लीकेज क्लॅम्पने गळती किती मिलिअँपिअर ते बघायचं. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) दोन्ही घरांत आहे का, टेस्टचं बटण दाबल्यावर पडतो का, हे तपासायचं. नुसत्या टेस्टरचा दिवा लागला किंवा साध्या मल्टिमीटरवर नळाला तीस-चाळीस व्होल्ट दिसले म्हणजे गळती आहेच असं नाही. हे मीटर इतके नाजूक असतात की जवळून गेलेल्या वायरचा भासही व्होल्ट म्हणून दाखवतात. थोडा लोड लावून मोजल्यावर व्होल्ट टिकले तर ते खरे.

इथे एक खबरदारी. अण्णा किंवा पुतण्या भिंतीवर ॲल्युमिनियम फॉइल किंवा जाळी ठोकायच्या विचारात असतील तर थांबवा. खिळा आतल्या वायरला लागला तर ते अख्खं फॉइल किंवा जाळी ‘लाइव्ह’ होते. लहरी शोषणाऱ्या चिप्स, स्टिकर, तांब्याचे पिरॅमिड यांवर पैसे घालवू नका. मोबाईलचा सिग्नल खरोखर अडला तर मोबाईल उलट जास्त ताकद लावतो. ऑनलाइन मिळणारे स्वस्त रेडिएशन मीटरही मध्ये आणू नका. ते क्षणाचा सर्वोच्च आकडा धरून लाल दिवा लावतात. मिक्सरजवळ नेला तर राउटरपेक्षा जास्त ओरडतात, आणि भांडणात आकडा नाही, लाल दिवा लक्षात राहतो.

आता अण्णांना वायफाय चालू की बंद हे ओळखता येतं का या चाचणीचं, कारण तुम्हाला तीच करायचीये. करता येते, पण एक अट: निकाल काय लागला तर कोण काय करणार, हे आधी कागदावर लिहून दोघांनी सही करायची. ते जमत नसेल तर चाचणी करूच नका.

राउटर दोन्ही वेळा चालूच ठेवायचा, फक्त त्याच्या सेटिंगमधून वायफाय रेडिओ चालू किंवा बंद करायचा. पूर्ण राउटर बंद केला तर अडॅप्टरचा आवाज आणि दिवे यांवरूनही ओळखता येतं. राउटरवर पुठ्ठ्याचं खोकं उलटं टाका, बाजूला हवेला जागा ठेवून. अण्णांना आधी विचारा की त्रास किती वेळात सुरू होतो आणि किती वेळात जातो. अर्ध्या तासात म्हणाले तर तासाची एक फेरी. रात्रभराचा म्हणाले तर एक रात्र म्हणजे एक फेरी. चालू की बंद हे नाणं उडवून ठरवायचं. मनाने ठरवलं तर माणूस लागोपाठ चारदा ‘चालू’ ठेवत नाही, नाणं ठेवतं. नाणं उडवणारा तिसरा माणूस हवा, आणि त्याने त्या काळात अण्णांच्या समोर यायचं नाही. चेहऱ्यावरून कळतं. अण्णांच्या घरातले सगळे मोबाईल एअरप्लेन मोडवर, नाहीतर वायफायच्या यादीत तुमचं नाव दिसतं. आणि तुमच्या घरातून ‘पप्पा, नेट गेलं!’ अशी हाक आली की ती फेरी बाद.

वीस फेऱ्या करा. प्रत्येक फेरीच्या शेवटी अण्णांनी ‘चालू’ की ‘बंद’ ते सांगायचं. नुसत्या अंदाजाने वीसपैकी साधारण दहा बरोबर येतात. पंधरा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात दोन. दहाच फेऱ्या केल्या तर आठ बरोबर येणंही शंभरात पाच-सहा वेळा निव्वळ नशिबाने घडतं, तेव्हा दहावर निकाल लावू नका. पंधरा बरोबर आले तर अण्णांना हसू नका, पुन्हा वीस करा. बहुधा कुठेतरी गळती सापडेल, वायफायची नव्हे, माहितीची.

गुपचूप चाचणी मात्र नको. ‘आठवडाभर बंद ठेवला होता, तरी तुमचं डोकं दुखत होतं’ असं नंतर सांगायचा मोह होतो. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या क्रेगॅव्हन भागात २००९ मध्ये टॉवरविरुद्ध लोक उठले, तेव्हा कंपनीने सांगितलं की टॉवर काही आठवड्यांपासून बंदच आहे. लोकांना ते पटलं नाही आणि वाद संपला नाही. चोरून पकडलेल्या माणसाला आपण चुकलो असं वाटत नाही, आपली फसवणूक झाली असं वाटतं.

कोर्टाची धास्ती धरू नका. अमेरिकेत सांता फे शहरात एका माणसाने २०१० मध्ये शेजारणीच्या फोन-वायफायवर मोठ्या भरपाईचा दावा लावला होता. लहरींनीच त्रास होतो हे सिद्ध करता न आल्याने तो २०१२ मध्ये निकालात निघाला आणि २०१५ मध्ये अपिलातही तोच निर्णय राहिला. पण इन्व्हर्टरचा किंवा मोटरचा आवाज ही वेगळी गोष्ट आहे. आपल्याकडे रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि तिथे अण्णांचं म्हणणं वजनदार ठरू शकतं.

सवलत द्या, पण योग्य नावाने द्या. राउटर समोरच्या भिंतीवर हलवा, वहिनींच्या टेबलापर्यंत लॅन केबल ओढा (रात्रपाळीच्या कॉलला ती वायफायपेक्षा चांगलीच). रात्री मग वायफायची गरजच नसेल तर टायमरने रेडिओ बंद होऊ द्या. यात तुमचं काही जात नाही. मात्र ग्रुपवर ‘रेडिएशनमुळे बंद करतोय’ असं एकदा लिहिलंत की पुढे दारातला कॅमेरा, मग नवीन मीटर, मग इंडक्शन शेगडी अशी यादी वाढत जाते. अण्णांना पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. मोबाईल त्यापासून १५ सेंटीमीटर दूर ठेवायला सांगतात, भिंतीपलीकडचा राउटर त्याहून कितीतरी लांब आहे.

बोलायला तुम्ही एकटेच जा, पुतण्या नसताना, आणि सुरुवात अशी करा: “अण्णा, तुम्हाला झोप लागत नाही हे मला माहीत आहे. माझा इन्व्हर्टर तुमच्या उशाला वाजतोय का, ते आज रात्री आपण दोघं मिळून बघूया.” सेक्रेटरींना उत्तर चार ओळींचं पुरे: “अण्णांच्या त्रासाबद्दल सहानुभूती आहे. आमच्याकडील इन्व्हर्टर, गॅस गीझर व अर्थिंगची तपासणी वायरमन व मेकॅनिककडून करून घेत आहे, अहवाल कळवतो. शेजारधर्म म्हणून राउटरची जागा बदलत आहे. वायफायमुळे त्रास होतो हे मला मान्य नाही.” तारीख घाला, एक प्रत जवळ ठेवा, पोच घ्या. पण गीझरचं पत्राच्या आधी.